मुदत आणि वीज : रिअल-टाइम संगणकांतील ऊर्जाबचतीचा इतिहास

एखाद्या यंत्राच्या अंतर्भागात बसवलेल्या आणि ठरलेल्या मुदतीत उत्तर देण्यास बांधील असलेल्या संगणकाला रिअल-टाइम एम्बेडेड संगणक म्हणतात. अनेक कामे एकाच प्रोसेसरवर कोणत्या क्रमाने चालवली असता एकाचीही मुदत चुकणार नाही, याचे गणित सी. एल. लिऊ आणि जेम्स लेलँड यांनी १९७३ मध्ये मांडले. त्यात विजेला स्थान नव्हते. वीज वाचवायची तर काम नसताना यंत्रणेचा मोठा भाग बंद ठेवायचा, हा उपाय मात्र त्याआधीच सुचलेला होता आणि अपोलो यानाच्या संगणकातही तशी सोय होती.

खरे वळण १९९४ मध्ये आले. झेरॉक्सच्या पार्क प्रयोगशाळेतील मार्क वायझर व सहकाऱ्यांनी प्रोसेसर बंद करण्याऐवजी त्याचा वेग उतरवण्याचा विचार मांडला. चिपमधील मंडले चालू-बंद होताना लागणारी ऊर्जा व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असते आणि वेग कमी केला की व्होल्टेजही उतरवता येते; त्यामुळे व्होल्टेज निम्मे झाल्यास तेच काम वेळ जास्त घेते, पण त्या मंडलांची ऊर्जा चौथाईवर येते. म्हणजेच मुदतीच्या आधी काम उरकणे ही उधळपट्टी ठरली. पुढच्याच वर्षी फ्रान्सिस याओ, ॲलन डेमर्स आणि स्कॉट शेंकर यांनी मुदती सांभाळून किमान ऊर्जेचा वेग काढण्याची रीत सिद्ध केली. तरीही व्यवहारातली अडचण उरलीच, कारण प्रत्येक कामासाठी राखून ठेवलेला वेळ सर्वांत वाईट परिस्थितीचा असतो आणि प्रत्यक्षात काम बहुधा आधीच संपते. हा उरलेला वेळ चालत्या यंत्रणेतच हेरून पुढील कामे संथ चालवण्याची पद्धत मिशिगन विद्यापीठातील पद्मनाभन पिल्लई व कांग शिन यांनी २००१ मध्ये दाखवली. तिच्यामुळे २० ते ४० टक्के बचत शक्य असल्याचे त्यांनी नोंदवले, आणि सिद्धान्त व व्यवहार यांची सांगड घालणारे हेच काम अधिक मोलाचे मानावे लागते.

ट्रान्झिस्टर बारीक होत गेले तसा हा हिशेब उलटू लागला. स्वस्थ बसलेल्या मंडलातूनही वीज गळते, म्हणून फार संथ चालवल्यास वाचलेली ऊर्जा गळतीत जाते. रवींद्र जेजुरीकर, क्रिस्टियानो परेरा व राजेश गुप्ता यांनी २००४ मध्ये वेगाची किफायतशीर खालची मर्यादा ठरवली आणि कामाची सुरुवात मुदत न चुकवता लांबवून विश्रांतीचे तुकडे एकत्र जोडण्याची पद्धत सुचवली. झोपेतून जागे होण्यासाठीही ऊर्जा लागत असल्याने लहान डुलक्यांपेक्षा एक दीर्घ झोप स्वस्त पडते.