कट्टुमरम्

भारताच्या आग्नेय किनाऱ्यावर व दक्षिण केरळात मासेमारीसाठी वापरण्यात येणारा, ओंडके एकत्र बांधून केलेला तराफा. तमिळ भाषेत ‘कट्टु’ म्हणजे बांधणे व ‘मरम्’ म्हणजे लाकूड. ‘कॅटामरान’ हा इंग्रजी शब्द यावरूनच आला. मात्र आज त्याने सूचित होणारी जुळ्या सांगाड्यांची क्रीडानौका ही रचनेने अगदी निराळी असून, तिचे नाते पॅसिफिकमधील बेटांवरील जोडहोड्यांशी आहे. इंग्रज दर्यावर्दी विल्यम डँपिअर याने १६९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रवासवर्णनात कोरोमंडल किनाऱ्यावरील अशा एका लहान तराफ्याची नोंद केली आहे. त्यावरील एकुलत्या माणसाचे पाय सतत पाण्यातच असत, असे तो सांगतो.

बंदर नसलेल्या, लाटा थेट वाळूवर फुटणाऱ्या किनाऱ्यास हे साधन फार योग्य होते. हलक्या लाकडाचे ओंडके काथ्याच्या दोराने बांधीत. फटींतून पाणी वाहून जात असल्याने तराफा भरून बुडण्याची भीती नसे. परतल्यावर दोर सोडून ओंडके वाळत घालीत. लहान कट्टुमरम् दोघे जण वल्ह्यांनी व शिडाच्या साहाय्याने चालवीत. पुष्कळदा त्यांपैकी एक जण त्याचा मालकही असे.

१९५३ मध्ये केरळात सुरू झालेल्या भारत-नॉर्वे प्रकल्पापासून यांत्रिक मासेमारीला चालना मिळाली. पुढे कोळंबीच्या निर्यातीमुळे ट्रॉलर नौका किनाऱ्यालगतच्या पाण्यात शिरू लागल्या. जाळी तुटू लागली, पारंपरिक मच्छीमारांची मासळी घटली व संघर्ष पेटले. केरळने १९८० मध्ये व तमिळनाडूने १९८३ मध्ये सागरी मासेमारी नियमनाचे कायदे केले. याच दशकात कट्टुमरम्‌वर लहान एंजिने चढली. तेव्हा हे यांत्रिकीकरण केवळ प्रगतीच्या ओढीने झाले, असे म्हणता येत नाही; जवळची मासळी गेल्याने दूर जाणे भाग पडले, हे त्याचे एक प्रमुख कारण होय.

मालकीचे स्वरूप मात्र त्यामुळे पालटले. विक्रीच्या रकमेतून आधी इंधनाचा खर्च वजा होऊ लागला आणि उरलेल्या रकमेत तराफा, जाळे व श्रम यांच्या जोडीला एंजिनाचाही वाटा आला. केरोसिनचे भाव व सुटे भाग यांची चिंता नव्याने निर्माण झाली. एंजिनासाठी किनाऱ्यावरील व्यापाऱ्याकडून उचल घेणाऱ्यास मासळी त्याच्याच मार्फत विकावी लागे. हा पाश सैल करण्याचे काम मच्छीमारांच्या सहकारी संस्थांनी केले. १९८० मध्ये स्थापन झालेला, तिरुवनंतपुरम येथील दक्षिण भारतीय मच्छीमार संस्थांचा महासंघ त्यांत उल्लेखनीय आहे.

ओंडक्यांवर एंजिन बसविणे अवघड असल्याने व योग्य लाकूड दुर्मिळ होत गेल्याने प्रथम प्लायवुडच्या व नंतर काचतंतुयुक्त प्लॅस्टिकच्या नौका पुढे आल्या. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर मदत म्हणून प्लॅस्टिकच्या नौका मोठ्या संख्येने वाटण्यात आल्या आणि लाकडी तराफे झपाट्याने कमी झाले. काही नव्या नौकांना कट्टुमरम् हेच नाव राहिले असले, तरी त्या सोडून वाळविता येत नाहीत. लाकडी तराफ्याचा झिजलेला ओंडका मालक स्वतः बदलू शके. प्लॅस्टिकची चीर बुजविण्यास रेझीन व कारागीर लागतो.