कोकण किनाऱ्यावरील पर्यटक निवास (गुंतवणूक)

समुद्रालगतचे घर पर्यटकांना दिवसाच्या भाड्याने देण्याचा व्यवसाय. महाराष्ट्रात तो मुख्यतः अलिबाग, काशीद, दिवेआगर, मुरूड-हर्णै, गुहागर, गणपतीपुळे आणि तारकर्ली-मालवण या पट्ट्यात आहे. पालमसारख्या (जि. परभणी) गोदाकाठच्या तालुक्यातून समुद्र सुमारे पाचशे किलोमीटर दूर; तरी तिथल्या शेतकऱ्याच्या हाती एक गोष्ट आहे, जी शहरी नोकरदाराकडे बहुधा नसते: सातबारा. १९४८ च्या कुळवहिवाट कायद्याच्या कलम ६३ नुसार शेतजमीन सामान्यतः शेतकऱ्यालाच विकत घेता येते.

नफ्याचे गणित किती रात्री भरतात यावर उभे असते. वर्षात शनिवार-रविवारच्या १०४ रात्री. त्यातल्या पावसाळ्यातल्या तीसेक बाजूला ठेवल्या आणि दिवाळी, नाताळ, मे महिन्याची सुट्टी धरली, तर शंभर रात्री हा आशावादी पण शक्य आकडा आहे. उदाहरणादाखल, ६० लाखांचे घर रात्रीला ६ हजारांनी गेले तर ६ लाख येतात. राखणदार, वीज, धुलाई, रंगरंगोटी आणि बुकिंगचे कमिशन यांत निम्मे गेले, की उरतात ३ लाख, म्हणजे ५ टक्के. हे बँकेच्या मुदतठेवीलाही बहुतेक वर्षी गाठत नाही. कर्ज काढून घेतलेले घर तर हप्ताही भागवणार नाही.

मग चांगले चालते कोणते? ज्याचा मालक तिथेच राहतो ते. दिवेआगर किंवा तारकर्लीत नारळी-पोफळीच्या वाडीतल्या राहत्या घराला दोन-तीन खोल्या जोडल्या, तर जमिनीचा खर्च नसतो, राखणदाराचा पगार नसतो, आणि मोदक, सोलकढी, मासळीचे ताट यांचे पैसे खोलीच्या भाड्याखेरीज येतात. महाराष्ट्र शासनाची ‘निवास व न्याहारी’ योजना अशाच घरांसाठी आहे. पाहुणा परत येतो तो घरच्या माणसांसाठी. दूरच्या मालकाला ही कमाई विकत घेता येत नाही.

मागणी रस्त्यामागे आणि कधी देवामागे जाते. मार्च २०२० पासून मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोट गाडीसकट नेते, त्यामुळे अलिबाग मुंबईकरांच्या आणखी जवळ आले. दिवेआगरला १९९७ मध्ये सुवर्णगणेश सापडल्यावर गर्दी वाढली आणि २०१२ मध्ये मूर्ती चोरीला गेल्यावर ओसरली.

भांडवल बुडते ते मात्र बहुधा कागदावर. कोकणात एकेका सातबाऱ्यावर वीस-वीस नावे असतात, त्यातली निम्मी मुंबईत, काही मृत आणि वारसनोंद न झालेली. एका सहहिस्सेदाराची सही राहिली तरी व्यवहार वर्षानुवर्षे अडतो. शिवाय कुळाच्या जमिनीच्या विक्रीला अटी असतात, आणि बांधकामाआधी अकृषिक वापराचे पाहावे लागते. तिसरा अडसर सागरी किनारा नियमन क्षेत्राचा. १९९१ पासून लागू असलेल्या या नियमांत (सध्याची अधिसूचना २०१९ ची) विरळ वस्तीच्या गावांत भरतीरेषेपासून २०० मीटरपर्यंत नवे बांधकाम सहसा करता येत नाही. म्हणजे ‘समुद्राला लागून’ अशी जाहिरात असलेला तुकडाच सर्वांत धोक्याचा. अलिबागजवळच्या किहीमला हिरेव्यापारी नीरव मोदी यांचा बंगला मार्च २०१९ मध्ये सुरुंग लावून पाडण्यात आला, तो किनाऱ्यावरच्या बेकायदा बांधकामावरील कारवाईत.

खारा वारा लोखंड, कुलपे, पंखे, वातानुकूलन यंत्र सगळे खातो. मराठवाड्याच्या कोरड्या हवेत दहा वर्षे टिकणारी वस्तू इथे तीन-चार वर्षांत बदलावी लागते. जांभ्याचे चिरे आणि कौले इथल्या पावसाला सरावलेली आहेत, पत्रा आणि उघडी सळई नाही. किनाऱ्यालगतच्या विहिरींचे पाणी उन्हाळ्यात मचूळ होऊ शकते. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन-दिवेआगर भागातल्या पोफळीच्या वाड्या आडव्या केल्या. पोफळ पुन्हा लावली तरी फळ धरायला अनेक वर्षे जातात, आणि वाडीच्या सावलीवर चालणाऱ्या घरांचे आकर्षणही तेवढीच वर्षे थांबते.

जमिनीची किंमत वाढेल या आशेवर घेतलेले घर हा वेगळा सौदा आहे. त्याला भाड्याचा व्यवसाय म्हणू नये. भाड्यासाठीच घ्यायचे असेल तर पालमच्या खरेदीदाराने आधी गावातला विश्वासू भागीदार शोधावा, तीस वर्षांचे फेरफार उतारे वकिलाकडून तपासून घ्यावेत आणि जुलै महिन्यात आठ दिवस त्याच गावात राहून मगच इसार द्यावा.