प्राप्तिकराची थकबाकी व सवलतीच्या तरतुदी

प्राप्तिकराची थकबाकी म्हणजे प्राप्तिकर विभागाने रीतसर मागणी केल्यानंतर कायद्याने दिलेल्या मुदतीत करदात्याने न भरलेली कराची, व्याजाची किंवा शास्तीची रक्कम होय. भारतात अशा थकबाकीची वसुली १९६१ च्या प्राप्तिकर अधिनियमानुसार होत आली आहे. १ एप्रिल २०२६ ही अंमलाची तारीख असलेल्या २०२५ च्या नव्या अधिनियमात कलमांचे क्रमांक बदलले आहेत. मात्र पूर्वीच्या वर्षांच्या थकबाकीशी जुन्याच कलमांचा संबंध येत असल्यामुळे या लेखात तेच क्रमांक दिले आहेत.

नवी मुंबईत वाशी रेल्वे स्थानकाच्या वाणिज्य संकुलातील सहा क्रमांकाच्या मनोऱ्यात प्राप्तिकर विभागाची कार्यालये आहेत. अलीकडे करनिर्धारण व अपिले चेहराविरहित पद्धतीने चालतात, म्हणजे अधिकारी कोण व कुठला हे करदात्यास कळत नाही. वसुलीचे मात्र तसे नाही. हप्ते बांधून मागण्याचा किंवा स्थगितीचा अर्ज आजही आपल्या क्षेत्राच्या करनिर्धारण अधिकाऱ्याकडेच करावा लागतो.

मागणी आणि व्याज

कलम १५६ खालील मागणीची नोटीस मिळाल्यापासून सर्वसाधारणपणे ३० दिवसांत रक्कम भरावयाची असते. मुदत टळली की कलम २२०(२) प्रमाणे दरमहा १ टक्का व्याज सुरू होते आणि महिन्याचा काही भागही पूर्ण महिना धरला जातो. याशिवाय कलम २२१ खाली शास्ती लागू शकते. ती थकलेल्या कराच्या रकमेहून अधिक असू शकत नाही. पुढच्या एखाद्या वर्षी परतावा देय झाला, तर कलम २४५ अन्वये तो जुन्या थकबाकीत वळता होतो. पगारदार मनुष्यास आपल्या नावावर थकबाकी आहे हे पुष्कळदा तेव्हाच प्रथम कळते.

वसुलीचे मार्ग

करनिर्धारण अधिकारी कलम २२६ नुसार बँकेला, मालकाला किंवा करदात्याचे देणे असलेल्या अन्य कोणालाही नोटीस पाठवून ती रक्कम परस्पर वसूल करू शकतो. बँक खाते गोठते ते याच कलमाने. त्यापुढील टप्पा कर वसुली अधिकाऱ्याचा. अधिनियमाच्या दुसऱ्या अनुसूचीप्रमाणे त्यास जंगम व स्थावर मालमत्तेची जप्ती व विक्री, प्रापकाची नेमणूक आणि दिवाणी तुरुंगात अटक हे अधिकार आहेत. स्त्रिया व अज्ञान व्यक्ती यांना अशी अटक करता येत नाही.

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० ने जप्तीतून वगळलेल्या वस्तू येथेही वगळल्या जातात. अंगावरचे आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण आणि धार्मिक प्रथेप्रमाणे स्त्रीला अंगावेगळे करता येत नाहीत असे दागिने त्यांत मोडतात; मंगळसूत्र हे त्याचे सहज सुचणारे उदाहरण. करदाता मृत झाल्यास वारसांवर येणारी जबाबदारी कलम १५९ प्रमाणे मृताच्या मालमत्तेपुरतीच मर्यादित राहते.

मागणी चुकीची असल्यास

सवलत मागण्यापूर्वी मागणी खरी आहे की नाही हे पाहणे अगत्याचे असते. हिशेबाची उघड चूक कलम १५४ खाली दुरुस्त होते. आदेशच मान्य नसेल तर ३० दिवसांत आयुक्तांकडे (अपील) दाद मागता येते किंवा कलम २६४ खाली पुनरीक्षणाचा अर्ज करता येतो.

विशेष अन्यायाचा प्रकार म्हणजे मालकाने पगारातून कर कापला, पण सरकारजमा केलाच नाही. अशा कापलेल्या रकमेची मागणी नोकरदाराकडे करण्यास कलम २०५ ने सरळ मनाई केली आहे. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने २०१५ व २०१६ मध्ये अधिकाऱ्यांना तशी आठवणही दिली. अर्थात पगारपत्रके व कपातीचा पुरावा जपून ठेवणे नोकरदारावरच येते.

स्थगिती, हप्ते व व्याजमाफी

अपील दाखल केल्याने वसुली आपोआप थांबत नाही. कलम २२०(६) खाली स्थगिती मागावी लागते. मंडळाच्या २०१६ च्या सूचनेप्रमाणे त्यासाठी वादग्रस्त मागणीच्या १५ टक्के रक्कम भरावी लागे. ३१ जुलै २०१७ पासून ते प्रमाण २० टक्के झाले. मात्र अधिकाऱ्यास याहून कमी रकमेवरही स्थगिती देता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले. त्याआधी २००१ साली मुंबई उच्च न्यायालयाने के.ई.सी. इंटरनॅशनल प्रकरणात असे अर्ज कसे निकालात काढावेत याची मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली होती. करदात्याची बाजू थोडक्यात नोंदवावी व कारणे द्यावीत, आणि अपिलाची मुदत संपण्यापूर्वी सहसा सक्तीची वसुली करू नये, असा त्यांचा आशय आहे.

मागणी मान्य असूनही पैसा हाती नसेल, तर कलम २२०(३) खाली मुदतवाढ किंवा हप्ते मिळू शकतात. हा अर्ज नोटिशीची मुदत संपण्याच्या आत करावयाचा असतो.

व्याजमाफी कलम २२०(२अ) खाली मिळते. तिला तीन अटी एकत्र पुऱ्या व्हाव्या लागतात : व्याज भरणे हा खरोखरीचा जाच ठरावा, थकबाकी आवाक्याबाहेरच्या कारणाने झालेली असावी आणि करदात्याने चौकशीत सहकार्य केलेले असावे. मालमत्ता विकून पैसे उभे करता येतील म्हणून मालमत्ता असणाऱ्यास कधी जाच होऊच शकत नाही, असा निष्कर्ष काढता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये म्हटले. नोव्हेंबर २०२४ च्या परिपत्रकानुसार ५० लाख रुपयांपर्यंतचे व्याज प्रधान आयुक्त, दीड कोटीपर्यंतचे मुख्य आयुक्त व त्यावरील प्रधान मुख्य आयुक्त कमी किंवा माफ करू शकतात. मूळ कर मात्र या कलमाने माफ होत नाही.

सरकारी योजना

मूळ कराची माफी ही विरळा घटना आहे. १९९८ ची कर विवाद समाधान योजना आणि २०२० व २०२४ च्या ‘विवाद से विश्वास’ योजना तडजोडीच्या होत्या. शेवटच्या दोन योजनांत, वाद मुख्य कराविषयी असल्यास आणि मुदतीत पैसे भरल्यास वादग्रस्त कर पूर्ण भरून व्याज व शास्ती सुटत असे. याउलट १ फेब्रुवारी २०२४ च्या अर्थसंकल्पी भाषणात निर्मला सीतारामन यांनी किरकोळ जुन्या मागण्या मागे घेतल्या; त्यांपैकी काही १९६२ पर्यंत मागे जाणाऱ्या होत्या. आर्थिक वर्ष २००९-१० पर्यंतच्या २५,००० रुपयांपर्यंतच्या आणि २०१०-११ ते २०१४-१५ या काळातील १०,००० रुपयांपर्यंतच्या मागण्या त्यात आल्या. एका करदात्यास एकूण मर्यादा १ लाख रुपयांची होती.

मालमत्ता कराची थकबाकी हा निराळा विषय आहे. तिच्यावर महानगरपालिका दरमहा २ टक्के शास्ती आकारतात, आणि नवी मुंबई महानगरपालिकेने ही शास्ती अंशतः माफ करणाऱ्या अभय योजना वेळोवेळी आणल्या आहेत. प्राप्तिकराला त्या लागू होत नाहीत.

दिवाळखोरी

दिवाळखोरी जाहीर केल्याने प्राप्तिकरातून सुटका होते हा समज चुकीचा आहे. २०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेचा व्यक्तींविषयीचा भाग १ डिसेंबर २०१९ पासून केवळ कंपन्यांच्या वैयक्तिक जामीनदारांपुरता अंमलात आला. इतरांसाठी मुंबई शहरात १९०९ चा, तर ठाणे जिल्ह्यातील वाशीसारख्या ठिकाणी १९२० चा प्रांतिक नादारी अधिनियम पाहावा लागतो. त्याच्या कलम ४४ प्रमाणे नादारास मुक्ततेचा आदेश मिळाला, तरी सरकारचे देणे त्याच्या डोक्यावर तसेच राहते.