एक किलोमीटरची रेघ

नागझिऱ्याला जाऊन आलेल्यांना चोरखमारा ठाऊक असतं ते गेट म्हणून. पण तिथला तलाव १९२३चा आणि अभयारण्य १९७०चं. म्हणजे माणसाचं बांधकाम आधी, पाटी नंतर.

३ जून २०२२ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं, संरक्षित जंगलाभोवती किमान एक किलोमीटरचा पट्टा हवा आणि त्यात नवं पक्कं बांधकाम नको. हेतू चांगलाच, रिसॉर्टं रोखायलाच हवीत. पण चोरखमाऱ्यासारख्या वेशीवरच्या गावात मुलगा वेगळा राहणार म्हणून बांधलेलं दोन खोल्यांचं घरही यात अडकणार! सगळ्या सर्व्हरना एकच सेटिंग ठोकल्यासारखं झालं हे. २६ एप्रिल २०२३ला न्या. भूषण गवई (आपल्या अमरावतीचे) यांच्या खंडपीठाने ही सरसकट अट सैल केली. खाणींवरची बंदी मात्र कायम ठेवली.

मला हे पटतं. पण मोकळीक घराला मिळाली, बेफिकिरीला नाही. पुढच्याच महिन्यात नागझिऱ्यात दोन वाघिणी आणून सोडल्या. त्यांना नकाशावरची रेघ कुठून दिसणार? तेव्हा घर जरूर बांधा, पण विहिरीला कठडा घाला, दिवे खाली वळवा आणि कुंपणात करंट सोडू नका. एवढं तरी जमेलच की!