तीन स्वर आणि एक कागद

महात्मा फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ, निग्रो गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकन लोकांना अर्पण केला. १९७२ साली आपल्या तरुणांनी पँथर हे नाव तिकडूनच घेतले. त्यांच्या कविता आपण वाचल्या. त्यांच्या संगीताचा इतिहास मात्र आपल्याकडे फारसा चर्चिला गेला नाही. त्यातील एक प्रकरण येथे मांडतो.

जेम्स न्यूटन हा १९५३ साली लॉस एंजेलिसमध्ये जन्मलेला काळा बासरीवादक. १९८१ साली त्याने 'अक्सुम' ही ध्वनिमुद्रिका केली; जर्मनीच्या ईसीएम कंपनीने ती काढली. जाझ म्हटले की ड्रम, पियानो, बेस असा ताफा डोळ्यांपुढे येतो. येथे साथीला कोणी नाही, केवळ बासरी. पण न्यूटन फुंकता फुंकता गळ्यातूनही गातो, आणि दोन आवाज एकमेकांवर घासून तिसराच नाद उमटतो. अक्सुम हे इथिओपियातील प्राचीन राज्य. ज्यांच्या पूर्वजांचा इतिहास गुलामांच्या जहाजातच पुसला गेला, त्यांच्यापैकी एकाने हे नाव घेणे म्हणजे तो इतिहास परत मागणेच होय.

त्यातील 'क्वायर' या रचनेमागे न्यूटनची संगीताची पहिली आठवण आहे: आर्कान्सासमधील एका खेड्यात, चर्चमध्ये गाणाऱ्या चार काळ्या बायका.

१९९२ साली बीस्टी बॉइज या गोऱ्या रॅप-गटाने 'क्वायर'मधील सहा सेकंदांचा तुकडा आपल्या 'पास द माइक' या गाण्यात पुन्हापुन्हा फिरवला. ध्वनिमुद्रणाचे हक्क कंपनीकडे होते. तिची परवानगी त्यांनी एक हजार डॉलर देऊन घेतली. रचनाकार न्यूटनला विचारले नाही. २००० साली तो कोर्टात गेला.

कायद्याने वादन आणि रचना यांची फारकत केली. वादनाचा हक्क कंपनीने विकलेलाच होता, म्हणून न्यायालयापुढे उरला तो कागद. त्या तुकड्यापुरते कागदावर होते तीन स्वर. २००२ साली खालच्या कोर्टाने त्यांत स्वतंत्र असे काही नाही म्हटले. वरच्या कोर्टाने २००३ व २००४ साली, हा वापर दाद मागण्याइतका मोठा नाही असे ठरवले. जून २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अर्ज नाकारला. ती फुंकर, तो गळा, ज्यासाठी तुकडा उचलला गेला, ते निकालात मोजलेच गेले नाही.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये, मुसोलिनीच्या इटलीने १९३७ साली अक्सुमहून रोमला नेलेला दगडी स्तंभ इथिओपियाला परत मिळाला. दगड गेल्याची जागा तरी रिकामी दिसते. आवाज गेला तर काय दाखवावे?

हा प्रश्न मला परका नाही. माझी आजी निरक्षर होती. घरातला पहिला पदवीधर मी. एम.ए.ला असताना तिच्या जात्यावरच्या ओव्या मी वहीत उतरवल्या. शब्द आले, पण तिचा हेल आणि जात्याची घरघर वहीत आली नाही. वहीवर नाव मात्र माझेच होते. तेव्हा त्यात मला काही वावगे वाटले नव्हते.

आज माझे विद्यार्थी आंबेडकरी जलशांची कवने गोळा करायला गावोगाव जातात. त्यांना मी सांगतो: गाणाऱ्याचे नाव आधी लिहा, आवाज टिपून घ्या, त्याची एक प्रत त्यांच्या घरी द्या. कवन नंतर उतरवा. लिहिलेले तेवढेच खरे, हा न्याय आपण पिढ्यान्‌पिढ्या सोसला आहे. तो आपल्याच माणसांना लावण्याचा अधिकार आपल्याला पदवीने मिळत नाही.