पोटातला पट्टा आणि पहिली ॲडजस्टमेंट : ‘पुरे’ या शब्दाचा एक छोटा इतिहास



आजचा विषय आहे गॅस्ट्रिक बँड, म्हणजे लठ्ठपणावरच्या उपचारासाठी जठराभोवती बसवतात तो सिलिकॉनचा पट्टा. त्यातही मी बोलणार आहे शस्त्रक्रियेनंतर काही आठवड्यांनी होणाऱ्या पहिल्या ‘ॲडजस्टमेंट’बद्दल. तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलेल्या माणसाचं इथे काय काम, असं तुम्हाला वाटेल. काम आहे. ‘किती पुरे?’ हा नीतिशास्त्राचा फार जुना प्रश्न आहे, आणि विसाव्या शतकात काही सर्जन मंडळींना तो अगदी हातात सुई घेऊन सोडवावा लागला. डॉक्टर मी नाही. तेव्हा आज जे सांगेन ते इतिहास म्हणून ऐका. ज्यांच्या स्वतःच्या पोटात हा पट्टा आहे, त्यांनी शेवटचा शब्द आपल्या सर्जनचाच मानावा.

सुरुवात थोडी मागून करू. वजन कमी करण्यासाठी शस्त्रक्रिया ही कल्पना १९५४ च्या सुमाराला अमेरिकेत मिनेसोटात पुढे आली. तिथल्या सर्जननी लहान आतड्याचा मोठा भाग वगळून अन्न परस्पर पुढे नेण्याची वाट काढली. वजन उतरे, पण त्याबरोबर सततचे जुलाब, मूतखडे आणि यकृताचे गंभीर विकारही येत. अखेर ती पद्धत सोडून द्यावी लागली. पुढे १९६६ मध्ये आयोवा विद्यापीठात एडवर्ड मेसन यांनी जठराचा बायपास सुरू केला. तो परिणामकारक होता, पण त्यात शरीराची मूळ रचना कापून, जोडून बदलली जाते.

मग काहींच्या मनात आलं की, काहीच न कापता जठराच्या वरच्या भागाला नुसता पट्टा बांधला तर? १९७८ मध्ये विल्किन्सन आणि पेलोसो या अमेरिकन सर्जननी असा पट्टा बांधला. तो होता जाळीचा, आणि एकदा बांधला की कायमचा. आता इथली अडचण बघा. शस्त्रक्रियेच्या टेबलावर, पेशंट भुलीखाली असताना, सर्जनने ठरवायचं की या माणसाला आयुष्यभर किती आवळलेला पट्टा लागेल. सैल बसला तर उपयोग नाही. घट्ट बसला तर घास उतरत नाही, उलट्या होतात. आणि चूक दुरुस्त करायची तर पुन्हा पोट उघडायचं! ज्याच्या भुकेचा प्रश्न आहे, तो झोपलेला असताना त्याचं उत्तर कायमचं ठरवून टाकायचं, असा तो प्रकार होता.

उपाय दोन ठिकाणी जवळजवळ एकाच वेळी निघाला. स्वीडनमध्ये हालबर्ग आणि फोर्सेल यांनी १९८५ मध्ये फुगवता येणारा पट्टा मांडला. अमेरिकेत न्यू जर्सीमध्ये मूळचे युक्रेनियन असलेले लुबोमिर कुझमाक सिलिकॉनच्या पट्ट्यावर काम करतच होते. १९८६ पासून त्यांनीही फुगवता येणारा पट्टा वापरायला घेतला. रचना सोपी आहे. पट्ट्याच्या आतल्या बाजूला सायकलच्या ट्यूबसारखी पोकळ गादी, तिच्यातून निघालेली बारीक नळी, आणि नळीच्या टोकाला पोटाच्या त्वचेखाली शिवून टाकलेली एक छोटी डबी. तिला ‘पोर्ट’ म्हणतात. बाहेरून पोर्टमध्ये सुई घालून सलाइन भरलं की गादी फुगते आणि वाट अरुंद होते. सलाइन काढलं की वाट मोकळी.

कुझमाक यांच्या काळात यासाठी पोट उघडावं लागे. बेल्जियममधल्या ह्यूई या लहान गावातले, मूळचे इथिओपियाचे सर्जन मितिकू बेलाशू यांनी १ सप्टेंबर १९९३ रोजी हाच पट्टा दुर्बिणीतून बसवला. त्यानंतर तो जगभर गेला. ऑस्ट्रेलियात मेलबर्नला पॉल ओब्रायन यांनी १९९४ पासून हे काम सुरू केलं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जून २००१ मध्ये परवानगी दिली.

हा इतिहास नीट पाहिला तर एक गोष्ट ध्यानात येते. खरा शोध पट्ट्याचा नव्हताच, पट्टा आधीही होता. खरा शोध होता तो नंतर बदलता येण्याचा. म्हणजेच ‘किती पुरे’ हे टेबलावर ठरवायचं नाही. पेशंट जागा झाल्यावर, हिंडूफिरू लागल्यावर, जेवायला लागल्यावर, त्याला विचारून ठरवायचं. आणि म्हणून पहिली ॲडजस्टमेंट हा शस्त्रक्रियेनंतरचा किरकोळ सोपस्कार नाही. माझ्या मते उपचार सुरू होतो तो त्याच दिवशी.

त्या दिवशी होतं तरी काय? साधारणपणे शस्त्रक्रियेनंतर चार ते सहा आठवडे पट्टा रिकामा किंवा जवळजवळ रिकामा ठेवतात, म्हणजे जखमा भरतात आणि पट्टा आपल्या जागी स्थिरावतो. या काळात सूज उतरते आणि भूक परत येते. पुष्कळजण इथे घाबरतात. ‘ऑपरेशन फसलं की काय? की माझ्यातच काही कमी आहे?’ असं त्यांना वाटतं. अहो, पट्टा अजून भरलेलाच नाही! भूक परत येणं हे अपेक्षितच आहे.

पेशंटला टेबलावर आडवं झोपवतात. डोकं किंवा पाय थोडे उचलायला सांगतात, म्हणजे पोटाचे स्नायू ताठ होतात आणि पोर्ट बोटांना लागतो. त्वचा स्वच्छ करून सुई घालतात. ही सुई खास असते. तिला ह्यूबर सुई म्हणतात. तिचं टोक असं वळवलेलं असतं की पोर्टच्या रबरी पडद्याचा तुकडा निघत नाही, आणि तोच पडदा पुन्हापुन्हा टोचता येतो. दुखणं साधारण इंजेक्शनइतकं. पोर्ट खोल असेल तर शोधायला वेळ लागतो, काही ठिकाणी एक्स-रेच्या पडद्यावर पाहूनही हे करतात. भरायचं सलाइन असतं थोडंसंच. सुरुवातीच्या पट्ट्यांत एकूण मावायचंच चार मिलिलिटरच्या आसपास, नंतरच्या मोठ्या पट्ट्यांत दहा ते चौदा. मग पेशंटला उठवून बसवतात आणि पाणी प्यायला देतात. पाणी विनासायास उतरलं की घरी. पुढचा एक-दोन दिवस पातळ आहार, मग मऊ, मग नेहमीचा; नेमकं वेळापत्रक ज्या त्या रुग्णालयाचं. घास लहान, चावणं सावकाश.

आणि परिणाम? पुष्कळदा पहिल्या वेळी फारसा काहीच जाणवत नाही. हे आधीच माहीत असलेलं बरं, कारण निराशा इथेच येते. योग्य जागा सापडायला पहिल्या वर्षात अनेक फेऱ्या लागतात. ओब्रायन यांच्या गटाने हे समजावायला तीन रंग वापरले. पिवळा म्हणजे पट्टा सैल : भूक लागते, जेवण मोठं होतं, दोन जेवणांच्या मध्ये खायला शोधावंसं वाटतं. हिरवा म्हणजे थोड्या जेवणात समाधान, आणि ते काही तास टिकतं. लाल म्हणजे पट्टा घट्ट : घास अडकतो, अन्न वर येतं, छातीत जळजळ होते, रात्री खोकला येतो. लाल रंगात आणखी एक फसवणूक आहे. भाकरी उतरत नाही, पण आइस्क्रीम उतरतं! म्हणून घट्ट पट्ट्याचा माणूस मऊ, गोड पदार्थांकडे वळतो आणि त्याचं वजन वाढूही शकतं. तेव्हा ‘जितका घट्ट तितका गुणकारी’ हा समज साफ चुकीचा आहे. जेवण अडवणं हे पट्ट्याचं काम नव्हेच. जठराच्या वरच्या भागावर हलका दाब ठेवून तृप्तीची जाणीव लवकर करून देणं, हे त्याचं काम. आणि भरल्यानंतर पाणीसुद्धा उतरेनासं झालं, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठायचं. सलाइन काढलं की बहुधा वाट मोकळी होते.

आता माझ्या शास्त्राकडे येतो. ॲरिस्टॉटलने नीतिशास्त्रावरच्या आपल्या ग्रंथाच्या दुसऱ्या भागात मध्यममार्गाचा विचार करताना चक्क जेवणाचंच उदाहरण घेतलं आहे. समजा, दहा मापं अन्न जास्त होतं आणि दोन मापं कमी. म्हणून आखाड्यातला वस्ताद सरसकट सहा मापं सांगेल का? नाही सांगणार. मायलो या प्रसिद्ध मल्लाला सहा मापं अपुरी पडतील, नवशिक्याला ती जास्त होतील. गणितातला मध्य सर्वांना एकच असतो. माणसाचा मध्य ज्याचा त्याला शोधावा लागतो, तोही अनुभवाने. पट्टा भरणाऱ्या सर्जनपुढे नेमकी हीच गोष्ट येते. एकाला तीन मिलिलिटर हिरव्या रंगात नेतात, दुसऱ्याला तेवढेच लाल रंगात. म्हणून प्रतीक्षागृहात शेजारच्याला ‘तुमचे किती भरले?’ असं विचारून काही कळत नाही. आपल्याला भूक कधी लागते, समाधान किती वेळ टिकतं, काय अडकतं, हे सांगितलं तर मात्र डॉक्टरांना पुष्कळ कळतं. पहिल्या ॲडजस्टमेंटला जाताना सोबत न्यायची शिदोरी हीच.

मग एवढी शहाणी कल्पना, तिचं पुढे काय झालं? २०११ मध्ये अमेरिकेतल्या लठ्ठपणाच्या शस्त्रक्रियांपैकी एक तृतीयांशाहून जास्त या पट्ट्याच्या होत्या. २०१८ पर्यंत ते प्रमाण एक टक्क्याच्या आसपास आलं. कारणं खरी आहेत. पट्टा सरकतो, क्वचित जठराच्या भिंतीत रुततो, नळी गळते. ओब्रायन यांनी २०१३ मध्ये आपला पंधरा वर्षांचा हिशोब प्रसिद्ध केला. जादा वजनाचं सुमारे ४७ टक्के कमी झालेलं टिकलं होतं, पण सुमारे ४३ टक्के पेशंटना पुढे कधी ना कधी दुरुस्तीची शस्त्रक्रिया लागली होती. स्वीडनच्या दीर्घ अभ्यासात दहा वर्षांनी बायपासवाल्यांचं वजन मूळच्या २५ टक्क्यांनी कमी होतं, पट्टावाल्यांचं १४ टक्क्यांनी. जठराचा मोठा भाग कापून काढणारी स्लीव्ह शस्त्रक्रिया पुढे गेली ती काही उगाच नाही.

पण याला आणखी एक बाजू आहे. न्यूयॉर्कमधल्या २००४ च्या एका अभ्यासात दिसलं की, पहिल्या वर्षात सहापेक्षा जास्त वेळा तपासणीला आलेल्या पट्टावाल्यांचं जादा वजन ५० टक्क्यांनी घटलं, कमी वेळा आलेल्यांचं ४२ टक्क्यांनी. बायपासवाल्यांत असा फरक पडला नाही. याचा मी लावलेला अर्थ असा : हे साधन एकदा बसवून मोकळं होण्याचं नव्हतं, ते संवाद मागत होतं. आणि आपली वैद्यकव्यवस्था, विमा, दवाखान्यातली रांग, हे सगळं एकेका कृतीचे पैसे मोजायला तयार आहे. वर्षानुवर्षं चालणाऱ्या विचारपुशीसाठी ती उभीच केलेली नाही. मग पट्टा सैल राहिला, वजन उतरलं नाही, की दोष कुणाच्या माथी? पेशंटच्या मनोबलाच्या! हे मला अन्यायाचं वाटतं. भूक हा काही चारित्र्याचा दोष नव्हे. ज्याला परत बोलावलंच नाही, किंवा येणं परवडलं नाही, त्याला ‘तुम्ही मनावर घेतलं नाही’ असं म्हणायचा अधिकार कुणाला पोचतो?

आणि हा इतिहास संपलेलाही नाही. एक तर जगभर असंख्य लोकांच्या पोटात हे पट्टे आजही आहेत. त्यांना भरणारा, गरोदरपणात सैल करून देणारा, लागलं तर काढणारा माणूस हवाच आहे. दुसरं, पट्ट्याच्या परवानगीनंतर बरोबर वीस वर्षांनी, जून २०२१ मध्ये, त्याच अमेरिकन प्रशासनाने वजनासाठी सेमाग्लुटाइडच्या आठवड्याच्या इंजेक्शनला मान्यता दिली. ते कसं देतात? पाव मिलिग्रॅमपासून सुरू करायचं, चार-चार आठवड्यांनी वाढवायचं, आणि सोसतं की नाही ते पेशंटला विचारत जायचं. साधन बदललं, पण पहिल्या मात्रेनंतरची निराशा तीच, योग्य जागा शोधण्याची चिकाटी तीच, आणि विचारणारं कुणी नसेल तर होणारी फरफटही तीच.

म्हणून उद्या कुणी आप्त, शेजारी पहिल्या ॲडजस्टमेंटला निघाला, तर ‘वजन किती उतरलं?’ हा प्रश्न थोडा बाजूला ठेवा. ‘पुढची तारीख कधीची आहे, आणि सोबत येऊ का?’ एवढं विचारा.

इथे थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ या.