'एन्टँगल'चे माहेर

शब्द आधी हाताला लागणाऱ्या वस्तूला चिकटतो आणि मग कधीतरी मनाच्या व्यवहारात शिरतो, अशी आपली समजूत असते. आधी दोरा गुंतला, मग जीव गुंतला. इंग्रजी 'एन्टँगल' या क्रियापदाची कुळकथा पाहताना मला ही समजूत बाजूला ठेवावी लागली. त्याचे मूळ रूप 'टँगल' आणि त्याच्याही आधीचे 'टॅगिल'. चौदाव्या शतकातल्या इंग्रजीत हा शब्द भेटतो तो माणसाला अडचणीत, पेचात अडकवणे या अर्थाने. सुताचा आणि केसांचा गुंता लिखित इंग्रजीत त्याच्या वाट्याला नंतर आला. अर्थात, लिहून राहिलेले तेवढेच आपल्याला दिसते. कोळ्यांच्या आणि मेंढपाळांच्या तोंडी त्याआधी काय होते, ते कागदावर उतरलेले नाही.

शब्दाचे माहेर कोशकार स्कँडिनेव्हियात शोधतात. स्वीडिश बोलीत 'टॅगला' म्हणजे विस्कटणे. दुसरी वाट जास्त ओढ लावणारी आहे. जुन्या नॉर्स भाषेत 'थोंगुल' म्हणजे समुद्रशेवाळ. स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी आणि शेटलंड बेटांवर लॅमिनेरिया जातीच्या शेवाळाला, विशेषतः त्याच्या काठीसारख्या जाड आणि चामड्यासारख्या चिवट दांड्याला, आजही 'टँगल' म्हणतात. हिवाळी वादळे हे दांडे समुद्रतळावरून उपटतात आणि किनाऱ्यावर त्यांचे ढीग लावतात. ऑर्कनीतल्या स्ट्रॉन्से बेटावर 1722 साली शेवाळ जाळून राख करण्याचा धंदा सुरू झाला. काचेला आणि साबणाला लागणारा सोडा त्या राखेतून मिळे. बेटावरच्या कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या ते ओले शेवाळ ओढून आणले, वाळवले आणि खड्ड्यांत जाळले. शेवाळाचा 'टँगल' आणि गुंत्याचा 'टँगल' सख्खे की नावापुरते सारखे, यावर कोशकारांचे एकमत नाही. मला ते नाते मानावेसे वाटते. पाण्यात पायाला विळखा घालणारे, ओढावे तितके आवळत जाणारे असे दुसरे काय त्या लोकांच्या रोजच्या अनुभवात असणार?

इंग्रजीत हा शब्द घरोघरी पोचला तो बायबलमुळे. येशूला बोलण्यात पकडायचे म्हणून परुशी बेत करतात आणि कैसराला कर द्यावा की नाही असे विचारतात, तो मत्तयाच्या शुभवर्तमानातला प्रसंग. विल्यम टिंडेलने 1526 च्या भाषांतरात तिथे 'टँगल' घातला आणि 1611 च्या राजमान्य भाषांतरात त्याचा 'एन्टँगल' झाला. मूळ ग्रीक क्रियापद सापळ्यावरून आलेले आहे, पारधी लावतो तो सापळा. पण तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात, शिपायाने संसाराच्या उद्योगात गुंतू नये असे म्हटले आहे, तिथे ग्रीक शब्द विणण्याचा, वेणी घालण्याचा आहे. 1611 च्या भाषांतरकारांनी दोन्हीकडे 'एन्टँगल'च योजला. सापळा आणि वीण इंग्रजीत अशी एकाच क्रियापदात आली.

त्यानंतरची तीन शतके तो बहुतेक धोक्याचाच शब्द राहिला. जॉर्ज वॉशिंग्टनने 1796 च्या निरोपाच्या संदेशात, युरोपच्या भांडणांत अमेरिकेची शांतता गुंतवू नका असे सांगताना तो वापरला. गुंतवून टाकणाऱ्या युत्यांविषयीचा प्रसिद्ध शब्दप्रयोग मात्र जेफरसनचा, 1801 च्या शपथविधीच्या भाषणातला. लोक तो वॉशिंग्टनच्या नावावर खपवतात. अमेरिकी यादवी युद्धात, 1863 साली नॉक्सव्हिलच्या किल्ल्यापुढे झाडांच्या बुंध्यांना तारायंत्राच्या तारा बांधून ठेवल्या होत्या आणि चढाई करणारे सैनिक त्यांत अडखळून पडले. अशा तारांच्या अडथळ्यालाच पुढे 'एन्टँगलमेंट' हे नाव पडले. आज उत्तर अटलांटिकमधल्या राइट व्हेलांपैकी 80 टक्क्यांहून अधिक व्हेलांच्या अंगावर मासेमारीच्या दोरांत गुंतल्याचे वण आहेत, आणि अहवालांत त्यासाठीही हाच शब्द येतो.

म्हणून मराठी माणसाने हे क्रियापद इंग्रजीत वापरताना जपून असावे. आपण पैसा जमिनीत गुंतवतो, मन कामात गुंतवतो, मूल खेळात गुंतले म्हणून निश्चिंत होतो. 'गुंतवणूक' हा आपल्याकडे भरवशाचा शब्द आहे. इंग्रजीत पैसा 'एन्टँगल' झाला म्हटले तर ऐकणाऱ्याला कोर्टकचेरीच आठवेल. क्रियापदापुढचे अव्ययही बरेच सांगते. 'इन' आले की जाळे, दोर, खटला, घोटाळा. 'विथ' आले की बहुधा माणूस, आणि त्या माणसाशी जुळलेला संबंध सहसा पस्तावण्याजोगा.

या शब्दाला भीतीतून थोडे बाहेर काढले ते डार्विनने. 'ओरिजिन ऑफ स्पीशीज'च्या 1859 च्या पहिल्या आवृत्तीत, शेवटच्या परिच्छेदात, झाडाझुडपांनी, पाखरांनी आणि किड्यांनी गजबजलेल्या काठाचे चित्र आहे. त्या काठाला त्याने 'एन्टँगल्ड' म्हटले. नंतरच्या आवृत्त्यांत त्याचे 'टँगल्ड' केले. इथे कुणी फसलेले नाही. एकमेकांवर अवलंबून असणे म्हणजेच गुंतणे.

आणि मग 1935. नाझी सत्तेवर आल्यावर बर्लिन सोडून ऑक्सफर्डला आलेल्या एर्विन श्रोडिंगरने केंब्रिजच्या एका नियतकालिकासाठी इंग्रजीत निबंध लिहिला. दोन कण एकदा परस्परांच्या प्रभावात येऊन दूर गेले, तरी त्यांचे वर्णन वेगवेगळे करता येत नाही. या अवस्थेला त्याने 'एन्टँगलमेंट' हे नाव दिले. जर्मनमध्ये त्यासाठी त्याचा शब्द होता 'फर्श्रेंकुंग'. हाताची घडी घालताना बाहू एकमेकांत अडकतात, त्याला जर्मन लोक याच कुळातला शब्द वापरतात. घडी नेटकी असते, तिच्यात घोटाळा नसतो. इंग्रजीत येताना त्याच कल्पनेने जाळे आणि शेवाळ अंगावर घेतले. मराठी कानाला मात्र श्रोडिंगरचा अर्थ परका वाटत नाही, कारण दोन जीव एकमेकांत गुंतले म्हणताना आपण कुणाला दोष देत नसतो. त्याच निबंधात, मोजमाप करून दोघांना पुन्हा सुटे कसे करायचे हे सांगताना श्रोडिंगरने 'डिसएन्टँगल' हे क्रियापदही वापरले आहे.